क्षयाचे औषध आणि तिसऱ्या महिन्यातली सोबत



गेल्या काही महिन्यांत मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात आम्हाला दोन-तीन जणांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. घरातल्या माणसाला टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या, आता खोकला नाही, ताप नाही, माणूस कामावरही जाऊ लागला. मग गोळ्या थांबवल्या तर चालतील का? प्रत्येकाने आवाज खाली करून विचारले. एका भगिनीने तर "शेजारणीच्या भावाचे विचारते आहे" असे सांगितले आणि पुढच्या रविवारी तो आपलाच मुलगा असल्याचे कबूल केले.

प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे: नाही. पण एवढे सांगून कोणी गोळ्या पूर्ण करीत नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत. म्हणून या अभ्यासपाठात गोळी का थांबते आणि ती थांबू नये म्हणून रुग्णाच्या आसपासच्या माणसांनी, म्हणजे आपण, काय करावे, हे पाहू या.

आधी औषध समजून घेऊ. फुप्फुसाच्या साध्या टीबीवर चार औषधे एकत्र देतात. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल अशी त्यांची नावे. ती आता एकाच गोळीत मिसळलेली असतात आणि रोज किती गोळ्या घ्यायच्या ते रुग्णाच्या वजनावर ठरते. पहिले आठ आठवडे चारही औषधे, त्यापुढे सोळा आठवडे पायराझिनामाइड वगळून बाकीची तीन. आधी ५६ दिवस, नंतर ११२ दिवस, मिळून १६८ दिवसांचे डोस. हाडांचा, मेंदूचा किंवा औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर मुदत निराळी असते, ती डॉक्टर ठरवतात.

एवढे दिवस कशाला? टीबीचे सगळे जंतू एकसारखे वागत नाहीत. काही भराभर वाढत असतात. ते पहिल्या काही आठवड्यांत मोठ्या संख्येने मरतात, आणि म्हणून खोकला कमी होतो, ताप उतरतो, भूक लागते. पण थोडे जंतू जणू झोपलेले असतात. औषध झोपलेल्या जंतूला लवकर मारू शकत नाही. तो जागा होईल तेव्हा औषध अंगात हजर असावे लागते. तिसऱ्या महिन्यात माणूस आरशात पाहून म्हणतो, मी बरा झालो. ते खोटे नसते, पण ते पूर्ण खरेही नसते. त्या वेळी गोळी सोडली तर आजार उलटू शकतो. आणि गोळी कधी घेतली, कधी नाही, चारांतली दोनच घेतली, असे होत राहिले तर उरलेले जंतू त्या औषधांना सरावतात. मग तीच गोळी त्या माणसावर चालत नाही आणि त्याच्याकडून ज्याला लागण होईल त्याच्यावरही चालत नाही.

औषध हाताशी असणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे आपण विसरतो. रॉबर्ट कॉक यांनी बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात याच आजाराने वारल्या. वय अवघे एकवीस. त्या स्वतः डॉक्टर होत्या, अमेरिकेत शिकून आलेल्या, तरी त्यांना देण्यासारखे औषध जगात नव्हते. बाळ येशूची संत तेरेजा फ्रान्समधल्या मठात ३० सप्टेंबर १८९७ रोजी क्षयानेच मरण पावली, चोवीस वर्षांची. जंतू माहीत होता, पण त्याला मारणारे पहिले चांगले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. या दोघींना जे मिळाले नाही ते आज भिवंडीत सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

औषधे आली तेव्हा आपल्या देशात निराळाच पेच होता. रुग्ण लाखो आणि सॅनेटोरियममधल्या खाटा थोड्या. गरीब माणसाला त्याच्या एका खोलीच्या घरात ठेवून उपचार करता येतील का? १९५६ साली मद्रासमध्ये याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. सुमारे दोनशे रुग्ण घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवले, चांगले अन्न आणि विश्रांती दिली. निम्मे आपापल्या दाटीवाटीच्या घरी राहिले. औषधे दोघांना तीच, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या डॉक्टरांना आश्चर्य वाटले. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना लागण अधिक झाली असे दिसले नाही. खाटेपेक्षा औषध महत्त्वाचे ठरले. पण त्याच वेळी हेही उघड झाले की घरी औषध नियमित घेतले जाणे हीच खरी कठीण गोष्ट आहे. कोणी गोळ्या खरोखर घेतो की नाही हे पाहायला तिथल्या लोकांना अचानक घरी जाऊन गोळ्या मोजाव्या लागत, लघवी तपासावी लागे.

त्या अभ्यासाने सॅनेटोरियमचे काम घरावर सोपवले असे आम्ही समजतो. तिथे नर्स होती, घंटा होती, ठरल्या वेळी कोणीतरी गोळी आणून देत होते. घरी हे सगळे कोण करणार?

पुढे १९९७ पासून सरकारने डॉट्स पद्धत टप्प्याटप्प्याने आणली आणि मार्च २००६ पर्यंत ती देशभर पोहोचली. आपल्यातल्या जुन्या मंडळींना तो डबा आठवत असेल. एका रुग्णाच्या पूर्ण उपचाराची औषधे एका डब्यात भरून त्यावर त्याचे नाव घालीत. आठवड्यातून तीन वेळा केंद्रावर जायचे आणि कोणाच्या तरी समोर गोळ्या गिळायच्या. डबा त्याच्या नावाचा असल्यामुळे औषध मध्येच संपण्याची भीती नव्हती, ही त्यातली मोठी सोय. गैरसोयही तेवढीच होती, कारण बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाला केंद्राची वेळ सापडत नसे. २०१७ पासून देशात रोजच्या गोळ्यांची पद्धत आली. गोळ्या घरी नेता येतात. काही वर्षे गोळ्यांच्या पाकिटात लपलेला फोन नंबर असे, गोळी काढली की तो दिसे आणि रुग्णाने त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. युक्ती छान होती. पण मिस्ड कॉलने गोळी पाकिटातून निघाली एवढेच कळते, माणसाचे काय चालले आहे ते कळत नाही.

गोळी सुटली की रुग्णालाच दोष देण्याची आपल्याला सवय आहे. मुंबईतला एक जुना अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांना टीबीचे औषध लिहून द्यायला सांगितले होते. त्यांनी ८० निरनिराळ्या पद्धती लिहिल्या. २०१० मध्ये मुंबईतल्या १०६ डॉक्टरांना तेच विचारले. या वेळी ६३ पद्धती निघाल्या आणि फक्त सहा जणांची चिठ्ठी बरोबर होती. मग डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. त्यांच्यातले बहुतेक या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरत, मध्ये मध्ये औषध बदलत आलेले होते. तेव्हा पूर्वी ज्याला सर्रास 'डिफॉल्टर' म्हणत, कर्ज बुडवणाऱ्याला म्हणावे तसे, तो शब्द आम्हाला कधीच आवडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये तो काढून टाकला.

आता आपल्या भिवंडीकडे येऊ.

इथे माणूस यंत्रमागावर असतो, नाहीतर मानकोली-राहनाळच्या गोदामांत माल चढवत असतो. मजुरी कापडाच्या मीटरवर किंवा दिवसाच्या हजेरीवर. दवाखान्यात गेलेला अर्धा दिवस म्हणजे अर्ध्या दिवसाची रोजी. एका खोलीत आठ-दहा जण, दिवसपाळीवाले उठले की त्याच जागेवर रात्रपाळीवाले झोपतात. गोळ्यांचे पाकीट ठेवायला स्वतःचा असा कोनाडाही नसतो. ते उशाखाली सापडले की खोलीतले बाकीचे विचारतात, हे कशाचे? खानावळीत ताट वेगळे होईल ही भीती. होळीला, ईदला, मे महिन्यात मुलुखाला जायचे असते आणि तिकडे औषध कुठे मिळेल हे माहीत नसते. आपल्या धर्मग्रामातली कुटुंबे काही नगर-जालन्याकडून आलेली, काही वसईची, काही इथलीच. त्यांच्या घरी अडचणी थोड्या निराळ्या. सून सासरी सांगत नाही. मुलीचे लग्न ठरायचे असते म्हणून आई पाकीट तांदळाच्या डब्यात लपवते. संध्याकाळी दारू घेणारा म्हणतो, दारू आणि गोळी एकत्र नको म्हणाले होते, म्हणून मी गोळी सोडली.

इथे आम्हाला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका तरुणाला टीबी असल्याचे आमच्या गटाला कळले. चांगल्या भावनेने आम्ही चौघे रविवारी मिस्सानंतर त्याच्या खोलीवर गेलो. हातात फळांची पिशवी, ओठांवर प्रार्थना. दारातच उभे राहून आम्ही त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली. चाळीतल्या सगळ्यांनी ऐकली. आठ दिवसांत त्याला खोली सोडायला सांगण्यात आले. त्याचा फोन बंद झाला आणि गोळ्याही. उपचाराचा तिसरा महिना नुकताच सुरू झाला होता.

सहा आठवड्यांनी तो स्वतःच चर्चच्या फाटकाशी आला. वजन उतरलेले, पुन्हा खोकला. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या मावशींनी त्याला आत न बोलावता समोरच्या टपरीवर नेले, चहा पाजला आणि फक्त विचारले, "बाळा, तुला कुठे भेटलेले चालेल?" एवढा साधा प्रश्न आम्हाला आधी सुचला नव्हता. तो म्हणाला, मावशी, रात्रपाळी सुटल्यावर मी याच टपरीवर येतो. दवाखान्यात पुन्हा थुंकी तपासली, औषधाला दाद न देणारा जंतू नाही ना ते पाहिले आणि उपचार पुन्हा सुरू झाला. मावशी सकाळी दूध आणायला जाताना टपरीवर थांबत. गोळीचा विषय त्या आधी काढत नसत. गावाकडे पाऊस कसा आहे, बहिणीचे कसे चालले आहे, असे बोलणे. तो बोलता बोलता खिशातून गोळ्या काढी आणि पाण्याबरोबर गिळी. काही दिवस चुकले. मावशी रागावल्या नाहीत. मागावर ताण्याचा धागा तुटला तर कारागीर थान फेकून देत नाही, माग थांबवतो, गाठ मारतो, पुन्हा चालू करतो. हे त्या तरुणानेच आम्हाला सांगितले.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकातली नामानाची गोष्ट आपण ऐकलेली आहे. तो अरामी सेनापती. कुष्ठरोग बरा व्हावा म्हणून यार्देन नदीत सात वेळा बुडी मार, असा अलीशाचा निरोप आला तेव्हा तो रागावून परत निघाला. त्याची समजूत घातली ती त्याच्या चाकरांनी. हे चाकर वाचताना आपल्या लक्षात राहत नाहीत. त्यांनी मालकाला दटावले नाही, जवळ जाऊन गोडीने सांगितले. आणि एक बारीक गोष्ट: तो शुद्ध झाला तो सातव्या बुडीनंतर. चौथ्या-पाचव्या बुडीला काठावर उभे राहून त्याला कोणी धीर दिला असेल का, हा विचार आमच्या मनात नेहमी येतो.

कामाच्या काही गोष्टी आता सांगतो. सोबत करणाऱ्याला त्या ठाऊक हव्यात.

गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. हे रिफाम्पिसिनमुळे, त्यात भिण्यासारखे काही नाही. पण आधी कोणी सांगितले नसेल तर माणूस रक्त समजून घाबरतो आणि दुसऱ्याच दिवशी औषध सोडतो. पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे. मळमळ, सांधे दुखणे, पायांना मुंग्या येणे यांवर उपाय आहेत, ते डॉक्टर किंवा आरोग्यसेविका सांगतात. मात्र डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबत नसल्या, नजर अंधुक झाली किंवा रंग नीट ओळखू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि पुढची गोळी त्यांना विचारूनच द्यावी. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घेणाऱ्या भगिनींनी डॉक्टरांना तसे सांगावे, कारण रिफाम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. एक दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. चुकलेले दिवस शेवटी भरून काढतात. दारू सुटली तर उत्तम, यकृताला ती खरोखरच जाचते. पण सुटत नसेल तर गोळी सोडणे हा उपाय नाही, डॉक्टरांना खरे सांगणे हा उपाय आहे.

ताट-वाटी वेगळी करण्याने काही साधत नाही. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. खिडकी उघडी ठेवणे, खोकताना तोंडावर रुमाल धरणे, सुरुवातीच्या आठवड्यांत मास्क लावणे, याचा उपयोग होतो. योग्य औषध सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांकडून लागण होण्याचा धोका काही आठवड्यांत खूपच कमी होतो. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटले की तो मिस्साला येऊ शकतो, आणि आला तर त्याच्या बाकावर शेजारची जागा मोकळी सोडू नये. त्या घरातल्या सर्वांनी, विशेषतः लहान मुलांनी, तपासणी करून घ्यावी. त्यांच्यासाठी प्रतिबंधक गोळ्याही आहेत.

प्रायश्चित्तकाळाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण २४ मार्चचा जागतिक क्षयरोग दिन बहुधा त्याच काळात येतो आणि आपल्यातले काही रुग्ण चाळीस दिवस एक वेळ जेवतात. आजारी माणसावर उपवासाचे बंधन नाही. शंका असेल तर फादरांना विचारावे. टीबीच्या रुग्णाला उलट जास्त जेवायला हवे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णांना दरमहा १० किलोची शिधापिशवी दिली. काही कुटुंबांत रुग्णाशिवाय इतरांनाही माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली. अशा घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले ते दगावण्याचे प्रमाणही बरेच कमी होते. तेव्हा सफरचंदाची पिशवी आणि टॉनिकची बाटली नेण्यापेक्षा डाळ, शेंगदाणे, अंडी, तेल न्यावे. आणि ते गाजावाजा न करता.

सरकारकडून रुग्णाच्या बँक खात्यात पोषणासाठी पैसे जमा होतात. २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपये ठरले होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही ते मिळतात, मात्र त्याची सरकारदरबारी नोंद झालेली असावी लागते. पुष्कळांचे खातेच नसते किंवा ते गावी असते, तिथे आपली लिहिती-वाचती मुले मदत करू शकतात. गावी जाणाऱ्याने निघण्याआधी केंद्रावर सांगितले तर सोबत गोळ्या मिळतात किंवा गावाजवळच्या केंद्रात नाव वर्ग होते. निक्षय नोंदणीचा क्रमांक मात्र जवळ हवा. तो कागदावर लिहून पाकिटात ठेवावा, मोबाइल हरवतो.

औषधांना दाद न देणारा टीबी झालेल्यांनीही हात टेकू नयेत. पूर्वी त्याला दीड-दोन वर्षे आणि रोजची इंजेक्शने लागत. २०२४ मध्ये आपल्या देशात मान्यता मिळालेल्या नव्या औषधांमुळे काही रुग्णांचा उपचार सहा महिन्यांत गोळ्यांवरच होऊ शकतो. कोणाला ते चालेल हे तपासण्यांवर ठरते.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आयजीएम रुग्णालयात किंवा महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी, तपासणी मोफत आहे. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा क्रमांक आहे, त्यालाही पैसे पडत नाहीत.

आमच्या गटात सध्या पाच जण आहेत आणि सगळे संध्याकाळी मोकळे असतात. आम्हाला कामतघर आणि शांतीनगर भागात सकाळी, रात्रपाळी सुटण्याच्या वेळी, पंधरा मिनिटे देऊ शकतील अशी माणसे हवी आहेत. डॉक्टर किंवा नर्स असण्याची गरज नाही. चहा पिणारे असावेत आणि ऐकलेले दुसरीकडे न सांगणारे असावेत. ज्यांना जमेल त्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ग्रंथालयाच्या खोलीत मावशींना भेटावे. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांना तिथे येणे अवघड वाटत असेल तर त्यांनी नुसता निरोप ठेवावा, कुठे भेटायचे ते तुम्हीच सांगा.